डस्टरची नाडी

आईचं बोट चिमट्यात होतं आणि तिचं सगळं लक्ष गॅसवरच्या दुधात. टेबलावरच्या डबीतून ट्युक, ट्युक असा आवाज येत होता आणि भावी त्या डबीला कान लावून, श्वास रोखून उभा होता.

"हलू नकोस ना आई."

"मी कुठे हलतेय? दूध हलतंय."

"थोडंच राहिलंय. आज एक जरी ठोका चुकला ना, तर माझा तास गेला."

"आणि दूध उतू गेलं तर?" वर्तमानपत्राच्या आडून बाबा म्हणाले. "ते कळतं का तुझ्या डबीला?"

दूध उतू गेलं. डबी ट्युकट्युकत राहिली, फक्त जरा भरभर, कारण आई चिडली होती. भावीला मात्र आनंदाचं भरतं आलं. "बघा, बघा! राग आल्याबरोबर ठोके वाढले! बरोब्बर पकडलं!" तो ओरडला. आईने चिमटा काढून त्याच्या एका हातात दिला आणि दुसऱ्या हातात ओटा पुसायचं फडकं.

भावी हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. बारावीनंतर तो बायोमेडिकल इंजिनियरिंगला गेला, तेव्हा बाबा येईल त्या पाहुण्याला सांगत, "हा आमचा भावी इंजिनियर." दोन वर्षांनी त्याने इंजिनियरिंग सोडलं. त्याला हृदय आवडायचं, हृदयाला जोडायच्या तारा आवडायच्या नाहीत, आणि तिथे हृदय एक आणि तारा पन्नास असा प्रकार होता. मग जीवशास्त्र. बाबा म्हणू लागले, "हा भावी शास्त्रज्ञ." पण जिवंत गोष्टींचा अभ्यास करायचा म्हणून मोठ्या हौसेने गेलेल्या भावीला तिथली प्रत्येक जिवंत गोष्ट बरणीत मेलेली भेटली. पदवी मिळाली, हौस गेली. त्या काळात एक गोष्ट मात्र घडली. प्रयोगशाळेच्या जिन्यात बसून तो खालच्या वर्गातल्या पोरांना समजावून सांगायचा आणि सांगता सांगता जेवायचंही विसरायचा. तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला, आणि तो शिक्षक व्हायच्या अभ्यासक्रमाला जाऊन बसला.

"भावी शिक्षक" म्हणताना बाबांची जीभ जड झाली. 'बायोमेडिकल' हा शब्द त्यांनी मोठ्या कष्टाने तोंडात बसवला होता. तो बसतो न बसतो तोच मुलाने तो मोडीत काढला. नातेवाईक भेटले की विचारत, "मग सध्या नक्की काय करतो?" आणि बाबा रस्ता ओलांडून पलीकडे जात. भावीला हे ठाऊक होतं. एकदा त्याने स्वतः पाहिलं होतं, पलीकडे काहीच नसताना बाबा पलीकडे गेले होते.

आता एका शाळेत जीवशास्त्राच्या शिक्षकाची जागा रिकामी होत होती. वर्षानुवर्षं तिथे शिकवणाऱ्या जुन्या सरांनी प्रकृतीचं कारण देऊन राजीनामा दिला होता. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, साधा नियम केला होता: उमेदवाराने एक तास घ्यायचा, जुने सर मागच्या बाकावर बसतील, ते मान हलवतील त्याला घ्यायचं. आधी आलेल्या दोघांच्या वेळी सरांची मान पाषाणासारखी राहिली होती. आज भावीची पाळी. आणि हेही गेलं, तर काकांनी फोटोफ्रेमच्या दुकानात खुर्ची तयारच ठेवली होती. "सोमवारपासून ये," काका म्हणाले होते, "फ्रेम चौकोनी असते. त्यात बदलायला काही वाव नाही."

काकांचा टोमणा त्याला लागला नव्हता. त्याला दुसऱ्याच गोष्टीची धास्ती होती. पहिल्या दोन वाटा सोडताना त्याला काहीच वाटलं नव्हतं, उलट सुटल्यासारखं वाटलं होतं. ही तिसरी त्याला मनापासून हवी होती. हवी असलेली गोष्ट हातची जाऊ शकते, हे त्याला आयुष्यात पहिल्यांदाच कळत होतं.

वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता. बाहेर ढग दाटलेले, गार वारा, म्हणून दिवे लावलेले. टेबलाच्या वरची ट्यूबलाइट आजारी होती. डोळे मिचकावल्यासारखी लुकलुकत होती. शाळेत सगळ्यांना तिची सवय झाली होती, त्यामुळे तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. मागच्या बाकावर मोठ्या बाई बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी जुने सर, हाताची घडी, मान पाषाणासारखी.

तासाचं टाचण भावीला तोंडपाठ होतं. आधी प्रस्तावना, मग हेतुकथन, मग प्रयोग. प्रस्तावना त्याने इतक्या घाईत उरकली की हेतुकथन दोनदा झालं. मग त्याने डबी बाहेर काढली. इंजिनियरिंगच्या दोन वर्षांत त्याने पूर्ण केलेली ही एकमेव वस्तू. चिमटा बोटाला लावायचा. त्यात एका बाजूला बारीक दिवा, दुसऱ्या बाजूला उजेड पकडणारा डोळा. प्रत्येक ठोक्याला बोटात रक्त येतं, उजेड कमीजास्त होतो आणि डबी बोलते.

"कोण येतंय पुढे?"

पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली. शिक्षकांच्या खोलीत तिचं नाव 'शंका' पडलं होतं, आणि ते का, हे भावीला लवकरच कळणार होतं. तिने बोट दिलं. ट्युक, ट्युक, ट्युक. वर्गात आनंदाची लाट पसरली. भावीने चोरून मागे पाहिलं. जुन्या सरांची मान किंचित, अगदी केसभर, खाली आली होती.

इथे थांबला असता तर तरला असता. पण शंका म्हणाली, "सर, आता आमच्या सरांना लावा ना!"

"हो, सरांना! सरांना!" सगळा वर्ग ओरडला.

जुने सर म्हणाले, "नको, नको. मला कशाला? मुलांना लावा." पण मोठ्या बाईंनी हसून त्यांना कोपराने ढोसलं आणि सर उठले. फाशीच्या तख्ताकडे जावं तसे ते टेबलापाशी आले. भावीने चिमटा लावला.

डबी गप्प.

भावीने चिमटा जरा सरकवला. गप्प. बोट बदललं. गप्प. हात बदलला. मुलं बाकांवरून पुढे वाकली.

"काय झालं?" सरांनी खालच्या आवाजात विचारलं.

"काही नाही सर. लागेल आता."

"पण त्या मुलीचं तर लागलं होतं."

"हो सर. तिचं... तिचं आहे ना."

म्हणजे काय, हे भावीलाही कळलं नाही. सरांच्या चेहऱ्यावरचा रंग मात्र उतरला. त्याला कुठे ठाऊक होतं की सरांच्या प्रकृतीचं कारण म्हणजे नेमकं हेच होतं! वर्षभर त्यांच्या छातीत अधूनमधून कळ येत होती, आणि वर्षभर ते डॉक्टरकडे जायचं टाळत होते, कारण डॉक्टर काय सांगेल ते त्यांना घरबसल्या ऐकू येत होतं. भीतीने त्यांची बोटं गार पडली होती, बोटं गार म्हणून डबी मुकी होती, आणि डबी मुकी म्हणून भीती आणखी वाढत होती.

"सर, आमच्या सरांना ठोके नाहीत का?" शंकाने विचारलं.

"आहेत! असतातच! डबीत बिघाड आहे," भावी म्हणाला. आता सगळ्यांची खात्री पटवायला हवी होती. त्याची नजर फळ्याखालच्या डस्टरवर पडली आणि त्याला वाटलं, सुचली युक्ती. "हे बघा. हा डस्टर. निर्जीव वस्तू. आता बिघडलेली डबी यालाही गप्प आणि सरांनाही गप्प. म्हणजे चूक सरांची नाही, डबीची. बरोबर?"

"बरोबर," वर्ग म्हणाला.

त्याने चिमटा डस्टरला लावला.

ट्युक, ट्युक, ट्युक. एकही ठोका न चुकवता, धडधाकट माणसासारखा डस्टर बोलू लागला.

मग मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "डस्टरला आहेत. सरांना नाहीत." आणि वर्गात एकच हलकल्लोळ झाला. पुढच्या बाकावरची दोन मुलं मागच्या बाकावर गेली. कालच डस्टर भिंतीवर आपटलेली एक मुलगी रडायला लागली. जुन्या सरांनी छातीवर हात ठेवला आणि ते खुर्ची शोधू लागले.

"अहो, काहीतरी करा!" मोठ्या बाई धावत आल्या. "हाताने बघा नाडी! येते ना तुम्हाला?"

येत होती. जीवशास्त्राच्या पहिल्याच वर्षी शिकला होता. त्याने सरांचं मनगट धरलं, पण हात असे थरथरत होते की बोटं जागेवर राहीनात. शेवटी त्याने अंगठाच दाबून धरला. लागली! नाडी लागली! घड्याळाकडे बघत तो मोजू लागला, आणि मोजता मोजता त्याचे डोळे विस्फारले.

"किती?" बाईंनी विचारलं.

खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. "एकशे चाळीस," तो म्हणाला.

"आत्ता नव्हती, आणि आता एकशे चाळीस?" असं म्हणून सर टेबलावर आडवे झाले. बाईंनी शिपायाला समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना बोलवायला पिटाळलं. कुणीतरी सरांच्या डोक्याखाली नकाशाची गुंडाळी ठेवली. भावी भिंतीला टेकला. संपलं, त्याच्या मनात आलं. नोकरी तर गेलीच, पण एका भल्या माणसाला वर्गासमोर आडवं करून गेली. काकांच्या दुकानात मान खाली घालून बसायचं, आणि बाबांनी जन्मभर रस्ते ओलांडायचे. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"सर," शंका उभी राहिली होती. "पण डस्टर कसा काय जिवंत?"

"बस खाली," मोठ्या बाई ओरडल्या. "ही वेळ आहे का प्रश्न विचारायची?"

तेवढ्यात टेबलावरून क्षीण आवाज आला. "उत्तर द्या तिला." जुने सर डोळे मिटूनच बोलत होते. "मी असेन नसेन. वर्गातला प्रश्न तसाच सोडायचा नाही."

आता गमावण्यासारखं काही उरलंच नव्हतं. टाचण तर कधीच हवेत विरलं होतं. भावीने डोळे पुसले आणि खरं तेच सांगितलं. "मला माहीत नाही. चला, शोधू."

मुलं टेबलाभोवती, म्हणजे सरांभोवती, गोळा झाली. डस्टर अजून ठोके देतच होता. "पाण्याची बाटली लावून बघू?" बाटलीलाही ठोके. जाडजूड वहीलाही ठोके. भावी विचार करू लागला. डस्टर जाड, त्यावर चिमटा नीट मिटत नाही, तोंड उघडं राहतं. "चिमट्याचा डोळा काय बघतो?" त्याने विचारलं. "उजेड!" "मग उघड्या तोंडातून त्याला कुठला उजेड दिसतोय?" शंकाने दोन्ही हातांची ओंजळ करून चिमट्यावर झाकण घातलं. डबी बंद. ओंजळ काढली. ट्युक, ट्युक. तिने मान वर केली, मग भावीने, मग सगळ्या वर्गाने, मग आडव्या सरांनीही एक डोळा उघडला. वर आजारी ट्यूबलाइट लुकलुकत होती, आणि तिच्या प्रत्येक लुकलुकीला डस्टर ठोका देत होता.

"दिवा बंद करा!"

दिवा बंद झाला. डस्टर जागच्या जागी गेला. वर्गाने टाळ्यांचा कडकडाट केला.

"मग आमच्या सरांचं का नाही लागलं?" शंकाचं समाधान एवढ्यात होणारं नव्हतं.

भावीने सरांचा हात हातात घेतला. बर्फ! "गार पडलेल्या बोटात रक्त कमी येतं," तो हळूहळू म्हणाला, आणि बोलता बोलता त्याचं त्यालाच उमगत गेलं. "रक्त कमी, म्हणून उजेडात फरक कमी, म्हणून डबीला ऐकू येत नाही. घाबरलं की हात गार पडतात. सरांना काहीही झालेलं नाही. ते फक्त घाबरलेत." मग मात्र मुलांनी सरांचे दोन्ही हात ताब्यात घेतले. कुणी चोळलं, कुणी फुंकर घातली, कुणी स्वतःच्या स्वेटरमध्ये गुंडाळून धरलं. शिस्तीच्या बाबतीत कडक असलेल्या मोठ्या बाई आ वासून बघत राहिल्या. हात तापले, तसा भावीने चिमटा लावला, आणि दिवा बंद असलेल्या त्या अंधुक वर्गात डबी बोलली. ट्युक. ट्युक. ट्युक. शांत, संथ, सुरेख.

जुने सर उठून बसले.

डॉक्टरीणबाई धापा टाकत आल्या तेव्हा ते आवाज ऐकत गालात हसत होते. तरीही डॉक्टरीणबाईंनी त्यांना नीट तपासलं, छातीला नळी लावली, दोन-चार प्रश्न विचारले. "हृदय ठणठणीत आहे हो. कळ येते ती पोटातल्या वाताची. जेवून लगेच आडवे होत जाऊ नका. उद्या दवाखान्यात या, एकदा रीतसर ईसीजीची पट्टी काढू म्हणजे मनात किंतू नको. पण एकशे चाळीस कुणी मोजले?"

"मी," भावी म्हणाला.

"कुठल्या बोटाने?"

"अंगठ्याने."

डॉक्टरीणबाईंनी त्याचं मनगट धरलं आणि घड्याळ पाहिलं. "एकशे अडतीस," त्या म्हणाल्या. "अंगठ्याला स्वतःचीच नाडी असते. तुम्ही तुमचे ठोके मोजलेत. पण मोजलेत मात्र बरोबर. बसा जरा, पाणी प्या."

मधल्या सुट्टीत मोठ्या बाईंनी भावीला आपल्या खोलीत बोलावलं. तो दारातच उभा राहिला. आत जुने सर आधीच बसले होते, आणि त्यांची मान वरखाली, वरखाली, थांबता थांबत नव्हती.

"असा तास मी या शाळेत बघितला नाही," सर म्हणाले. "ज्याला येत नाही ते येत नाही म्हणून सांगता येतं, तो मास्तर. बाई, याला जागा मिळालीच पाहिजे."

भावीला उडी मारावीशी वाटली.

"फक्त ती जागा माझी नाही," सर म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे मी राजीनामा परत घेतोय. अहो, हृदय ठणठणीत असताना घरी बसून काय करू? वर्षभर उगाच मरत होतो. आजपासून जगतो. कसं?" आणि ते तरण्या पोरासारखे उठून, जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत, मुलांकडे गेले.

भावी उभाच राहिला. आयुष्यातला सगळ्यात चांगला तास आपण घेतला, तो इतका चांगला झाला की जागाच भरून गेली. रडावं की हसावं ते त्याला कळेना. मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला.

"ट्यूबलाइटचं छान समजावलंत हो," त्या म्हणाल्या. "भौतिकशास्त्राला आमच्याकडे सहा महिने कुणी नाही. खेळाचे सर घेतात. सध्या त्यांचं गुरुत्वाकर्षण चाललंय, म्हणजे मुलं चेंडू वर फेकतात आणि झेलतात. तुम्ही घ्याल का?"

भावीने तोंड उघडलं. मी इंजिनियरिंग सोडलेला, जीवशास्त्राचा पदवीधर, मला तारांचा कंटाळा, असं सगळं ओठांवर आलं. मग त्याला अंधुक वर्गातली ती मुलं आठवली, वर बघणारी, आणि त्याच्या छातीत इतकं गोड काहीतरी भरून आलं की बाकीचं सगळं मागे पडलं.

"घेईन," तो म्हणाला. "पण काही गोष्टी मला मुलांबरोबरच शोधाव्या लागतील."

"ते बघितलं आज," बाई म्हणाल्या. "फक्त कुणाला आडवं न करता शोधा."

शाळेच्या फाटकाबाहेर येऊन त्याने बाबांना फोन लावला.

"बोल," बाबा म्हणाले. मागे काच कापल्याचा आवाज येत होता.

"बाबा, कुठे आहात तुम्ही?"

"तुझ्या काकाच्या दुकानात. सकाळीच आलोय. त्याला सांगितलं, सोमवारपासून दुसरा माणूस बघ. माझा मुलगा जीवशास्त्राचा मास्तर झाला."

भावी थबकला. "सकाळी? बाबा, तेव्हा तर माझा तास व्हायचा होता."

"तुझा तास कधी होता त्याच्याशी मला काय करायचंय?" बाबा जरा रागानेच म्हणाले. "येताना वाण्याला सांगितलं, कोपऱ्यावरच्या न्हाव्याला सांगितलं, समोरून तुझी आत्या आली, तिला तर थांबवून सांगितलं. झालंय ना ते?"

"झालंय बाबा," भावी म्हणाला. "नोकरी लागली. पण जीवशास्त्र नाही. भौतिकशास्त्र."

पलीकडे काच कापायची थांबली. मग बाबा फोनच्या अगदी जवळ आले आणि काकांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "हे बघ, शाळेत तुला काय शिकवायचं ते शिकव. आपल्या गल्लीत तू जीवशास्त्रच शिकवतोस."